माझ्या कागदावर चूल नव्हती

फुफ्फुसांबद्दल माणूस तोंडानं जे सांगतो ते फारसं मनावर घ्यायचं नाही, नळीत फुंकल्यावर कागदावर जे उमटतं तेवढंच खरं, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. छातीरोगाचं शिक्षण घेऊन पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला, तेव्हा खुर्च्या-टेबलांच्या आधी मी स्पायरोमीटर घेतला. तोही कर्ज काढून. आसपास दुसऱ्या कुणाकडं तो नव्हता आणि त्याचा मला गर्व होता. त्यामुळं चार-सहा प्रश्न विचारून फुफ्फुसाचा जुनाट आजार हुडकता येतो, असं कुणी म्हणालं की मला हसू यायचं. आज त्या हसण्याची लाज वाटते. पण नुसतं ‘लाज वाटते’ म्हणून सुटका करून घेणं सोपं आहे. नेमकी कशाची वाटते, हे मला तपासायचं आहे.

आधी माझी बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. या जुनाट आजारात, म्हणजे सीओपीडीत, श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. हवा आत शिरते, बाहेर पडायला मात्र वेळ लावते. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून बाहेर सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, यांचं गुणोत्तर काढायचं. श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावायचं. तरीही गुणोत्तर ०.७च्या खालीच राहिलं तर निदान झालं. त्यात मताला जागा नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं १८४०च्या दशकात लंडनमध्ये हजारो माणसांना नळीत फुंकायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजली होती. एवढं चांगलं साधन हाताशी असताना ‘तुम्हाला चालताना दम लागतो का’ असं विचारत बसायचं? दम तर लठ्ठ माणसाला लागतो, रक्त कमी असलेल्या बाईला लागतो, हृदय थकलेल्याला लागतो.

पुढं सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात सीबॅक नावाचा फॉर्म आला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आशाताईंनी तो भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह वगैरे आहे का. मग लक्षणं, त्यांत धाप आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला. आणि शेवटी स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, धुराधुळीचं काम करता का. त्यावरून आरोग्य केंद्रातून चिठ्ठ्या देऊन माणसं पुढं पाठवायला लागले. त्यातली काही माझ्याकडं यायची. एकदा आरोग्य केंद्रातल्या बैठकीत पाहुणा म्हणून बोलायला गेलो असताना मी म्हणालो, “एका फॉर्ममागं दहा रुपये मिळतात म्हटल्यावर सगळ्या तालुक्यालाच दम लागणार!” काहीजण हसले. समोरच्या आशाताईंपैकी कुणी हसल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

डॉक्टरांच्या सभांमध्ये मी जरा सभ्यपणे बोलायचो. तिथं माझ्या हाती अमेरिकेचं प्रमाणपत्र असायचं. तिथल्या प्रतिबंधक वैद्यकाच्या कृतिदलानं २०१६ मध्ये आणि परत २०२२ मध्ये सांगितलं होतं की, लक्षणं नसलेल्या प्रौढांची सीओपीडीसाठी चाळणी करू नये. त्यानं त्यांचं आयुष्य सुधारतं याला पुरावा नाही. हे मी ठासून सांगायचो. ‘लक्षणं नसलेल्या’ हे दोन शब्द मात्र मी भरभर वाचून पुढं जायचो.

आता एका जोडप्याबद्दल.

वरच्या वाडीतले एक बाबा बरीच वर्षं माझ्याकडं येत. तरुणपणापासून विडी, नंतर सुटलेली. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. माझे अगदी पुस्तकातले रुग्ण. प्रत्येक खेपेला त्यांच्या सोबत त्यांची बायको असायची. एक्स-रेचं पाकीट, औषधांची पिशवी, पंप, सगळं तिच्याकडं. ती भिंतीलगतच्या स्टुलावर बसायची, यंत्रापासून हाताच्या अंतरावर. मी तिला प्रश्नही पुष्कळ विचारायचो. रात्री किती वेळा उठतात? बेडका कसला पडतो, पांढरा की पिवळा? पंप रोज घेतात की दम लागला की मगच? ती सगळ्याची नेमकी उत्तरं द्यायची. बाबांपेक्षा तिच्याच सांगण्यावर माझा भरवसा जास्त. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. बाबा थांबत थांबत वर यायचे आणि ही त्यांच्याही मागून, थोड्या वेळानं. मला वाटायचं, खाली मेडिकलमध्ये काहीतरी घ्यायला थांबत असेल.

एक दिवस बाबा आले नाहीत. ती आली, सोबत त्यांच्या वाडीच्या आशाताई, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर मावशींचं नाव. मी जरा वैतागलोच. बाहेर गर्दी होती.

“काय होतंय मावशी?”

“मला काय हुतंय? दम ह्यांना हाय. ही पोरगी ऐकंना म्हून आले.”

“चालताना दम लागतो का?”

“न्हाई.”

“खोकला?”

“पावसाळ्यात असतोय की. समद्यांनाच असतोय.”

मी आशाताईंकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे: बघ, तुझा फॉर्म. त्यांनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून फॉर्म काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहिलेलं वाचायला लागल्या. विहिरीचं पाणी सून आणते, आधी मावशीच आणायच्या. नवरात्रात वरच्या देवीला जायचं बंद केलंय. भात लावायला जातात, पण बांधावर बसून रोपं देतात. जळणाची मोळी आणत नाहीत. कुठल्याही बाजूला ‘धाप’ हा शब्द नव्हता. मी म्हणालो, हे सगळं फॉर्ममध्ये असतं का? त्या म्हणाल्या, “नाही डॉक्टर. दहा रुपयांत एवढंच बसलं.”

मी गप्प झालो. थोडा रागानं, हेही सांगून टाकतो. मला वाटलं, आता यंत्रच काय ते सांगेल आणि हा विषय संपेल. मी चूक ठरेन असं मला वाटत नव्हतं. मी ती तपासणी केली ती आशाताईंना गप्प करण्यासाठी केली, मावशींसाठी नव्हे.

फुंकायची तपासणी पहिल्याच वेळी क्वचित जमते. लोक ओठ नीट मिटत नाहीत, मध्येच थांबतात, गालानं फुंकतात. आम्हाला शेजारी उभं राहून “अजून, अजून, अजून” असं ओरडावं लागतं. मावशींना काहीच शिकवावं लागलं नाही. त्यांनी नाकाला चिमटा स्वतः लावला, पाठ ताठ केली, नळी दातांमध्ये धरली आणि फुंकलं, शेवटपर्यंत. त्यांनी नवऱ्याला हे करताना किती वेळा पाहिलं होतं! पडद्यावरची रेघ वर गेली आणि उतरताना आत खचली. ती आकृती मी झोपेतही ओळखेन. गुणोत्तर ०.५२. औषध देऊन पुन्हा फुंकवलं, ०.५४. पहिल्या सेकंदातली हवा त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईला असायला हवी त्याच्या जेमतेम निम्मी.

मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुंकवलं. यंत्र बिघडलं असेल असं मला खरोखर वाटलं. ज्या यंत्रावर मी कधी शंका घेतली नव्हती, त्याच्यावर पहिली शंका घेतली ती ते माझ्याविरुद्ध बोललं तेव्हा.

पुढच्या खेपेला बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “हिला? ही कुठं विडी वढती?” मी त्यांना समजावायला लागलो आणि मध्येच अडखळलो. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणालोच होतो, न बोलता, इतकी वर्षं.

त्या रात्री मी जुने केसपेपर काढले. मी स्वतः आखून छापून घेतलेला कागद. त्यावर ‘धूम्रपान, वर्षे’ असा रकाना आहे. बायकांच्या कागदांवर तिथं शून्य. शून्य कुणी लिहिलं? काही ठिकाणी माझं अक्षर, बऱ्याच ठिकाणी कंपाउंडरचं. रुग्ण आत येऊन बसण्याच्या आधीच लिहिलेलं. विचारलेलं नव्हतंच. आणि चुलीचा रकाना नव्हता. भाताच्या गिरणीचा, वीटभट्टीचा नव्हता. मशेरी भाजताना तव्यावरून जो धूर उठतो आणि बाई त्यावर वाकून बसलेली असते, त्याचा नव्हता. पूर्वी क्षयरोग होऊन गेलाय का, याचाही नव्हता. आणि क्षय बरा झाल्यावरही श्वासनलिका अरुंद राहू शकतात हे मला परीक्षेत विचारलेलं होतं.

म्हणजे मी प्रश्नावलीच्या विरोधात कधीच नव्हतो. माझी एक प्रश्नावली होतीच. ती एका प्रश्नाची होती आणि तो प्रश्नही मी निम्म्या लोकांना विचारत नव्हतो. कुणाला यंत्रापुढं बसवायचं आणि कुणाला भिंतीलगत, हे त्या एका प्रश्नावर ठरत होतं. यंत्र निःपक्षपाती होतं. त्याच्यापुढं माणसं नेऊन बसवणारा मी मात्र नव्हतो.

सगळ्यात टोचतं ते हे की मला माहिती कमी नव्हती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा २००९चा ‘लॅन्सेट’मधला लेख मी वाचला होता: सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव भागापासून ते जवळजवळ निम्म्यापर्यंत लोक कधीच विडी-सिगारेट न ओढलेले असतात, आणि जगातलं मोठं कारण जैविक इंधनाचा धूर हे आहे. लेख माझ्याच जिल्ह्यातून आलेला. त्याची पारदर्शिका करून मी भाषणात दाखवलीसुद्धा होती. मग दवाखान्यात येऊन शून्य लिहायचो.

नंतर मी या प्रश्नावल्यांचा इतिहास वाचला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ती मला आधी कुणी सांगितली असती तर माझा अहंकार कदाचित लवकर उतरला असता. दुसऱ्या महायुद्धानंतर वेल्समधल्या कोळसाखाणींच्या कामगारांची फुफ्फुसं तपासायला ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं कार्डिफजवळ एक केंद्र काढलं होतं. त्याचे पहिले संचालक चार्ल्स फ्लेचर. पुढं वैद्यकातल्या पुराव्यांबद्दल ज्यांचं नाव घेतलं जातं ते आर्ची कॉक्रन तिथंच होते. १९५१ मध्ये कॉक्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध छापला. खाणकामगार सारखेच, पण विचारणारे डॉक्टर वेगवेगळे; आणि कितीजणांना खोकला आहे, कितीजणांना बेडका पडतो, याचे आकडे डॉक्टरागणिक वेगळे आले. थोडेथोडके नव्हे, पुष्कळच वेगळे. कामगार खोटं बोलत नव्हते. डॉक्टर आपापल्या समजुतीनं विचारत होते, आपापल्या समजुतीनं ऐकत होते. यातूनच १९६०ची त्या परिषदेची श्वसनविकारांची छापील प्रश्नावली आली. तिच्यासोबतची सूचना कडक होती: प्रश्न छापलाय तसाच, त्याच शब्दांत वाचायचा.

मी समजत होतो की प्रश्नावली म्हणजे डॉक्टर नसेल तिथली तडजोड. प्रत्यक्षात ती जन्मली ती डॉक्टरांना आवर घालायला. रुग्णाच्या सांगण्यावर अविश्वास म्हणून नव्हे, विचारणाऱ्याच्या कानावर अविश्वास म्हणून.

याचा अर्थ मी आता कागदाचा भक्त झालोय असा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दवाखान्यांतून एका पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीची मोठी चाचणी झाली. प्रश्न आणि गरज पडली तर फुंकण्याचा छोटा मीटर, असा तो डाव होता. उपचाराची गरज असलेले जे रुग्ण अजून सापडले नव्हते त्यांपैकी जेमतेम निम्मे, शेकडा ४८, तिनं पकडले. म्हणजे निम्मे निसटले. त्याआधी २०२२ मध्ये नेपाळमधलं भक्तपूर, पेरूमधलं लिमा आणि युगांडातला नाकासेके जिल्हा इथल्या चाळिशीपुढच्या दहा हजारांवर लोकांवर अशाच तीन प्रश्नावल्या तपासल्या गेल्या. विचारायला सात-आठ मिनिटं लागत. त्या बऱ्या चालल्या, फार उत्तम नव्हेत. पण त्या अभ्यासातला एक आकडा मला वाचल्यावर पुस्तक मिटायला लावणारा होता: ज्यांना सीओपीडी निघाला त्यांतल्या शेकडा ९५ जणांना तोवर ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यात आमच्या मावशी बसतात. अमेरिकेच्या कृतिदलाच्या सल्ल्याशीही माझं भांडण उरलेलं नाही. तो लक्षणं नसलेल्यांबद्दल आहे. मावशींना लक्षणं होती. आपलं सगळं जगणं त्यांनी त्या लक्षणांच्या मापानं कापून घेतलं होतं, इतकं बेमालूम की ‘दम लागतो का’ याला त्या खरंच ‘न्हाई’ म्हणत होत्या. दम लागेल असं काही त्या करतच नव्हत्या.

प्रश्नावल्यांवर माझे आक्षेप आजही आहेत, फक्त ते बदललेत. काही परदेशी प्रश्नावल्या अजूनही ‘किती वर्षं सिगारेट ओढलीत’ याला वजन देतात. म्हणजे माझाच आंधळेपणा छापून वाटला जातो. धाप मोजायच्या प्रसिद्ध मापात ‘सपाट जमिनीवर चालताना’ असं येतं. आमच्या वाड्यांमध्ये सपाट जमीन म्हणजे शाळेचं मैदान, तेही एका बाजूला कललेलं. आणि विचारण्याची जागा. दवाखान्यात “घरी गॅस आहे का” म्हटलं की उत्तर येतं “आहे”. ते खोटं नसतं. आशाताईंसोबत एक-दोनदा वाडीत गेलो तेव्हा दिसलं: सिलिंडर कोपऱ्यात, वर धुतलेला टॉवेल, पाहुण्यांच्या चहापुरता. भाकऱ्या आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. पावसाळ्यात जळण ओलं, दार लावलेलं, कारवीच्या कुडाला काजळी. हे आशाताईंना विचारावं लागत नाही. त्या बसतात तिथूनच दिसतं. तोच प्रश्न माझ्या टेबलावरून विचारला तर त्याचा अर्धा जीव जातो.

आणखी एक आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. फॉर्म भरला, चिठ्ठी दिली, पुढं काय? फुंकायची तपासणी करून देणारी जागा तालुक्याला एखादी. बाई मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून येते, तोवर यंत्र दुरुस्तीला गेलेलं असतं किंवा पंप संपलेले असतात. उत्तरं घेऊन ठेवायची आणि वाट बघायला लावायची, हे न विचारण्यापेक्षा बरं आहे का, असं एका तरुण डॉक्टरनं मला विचारलं, माझ्याच जुन्या सुरात. मी त्याला छोट्या पीक फ्लो मीटरबद्दल सांगितलं. तो स्वस्त असतो, उपकेंद्रात ठेवता येतो, प्रश्नांच्या जोडीला धरला तर कुणाला आधी पाठवायचं हे ठरवायला मदत करतो. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही.

मावशी आता पंप घेतात. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, हे मी त्यांना सांगितलंय. खोकला कमी झाला, पाण्याची कळशी मात्र सूनच आणते. चूल उन्हाळ्यात अंगणात जाते, पावसाळ्यात आत येते.

नवा केसपेपर छापून घेतलाय. त्यावर इंधन, काम, जुना क्षय, मशेरी, आणि शेवटी ‘काय करायचं सोडलं’ अशी एक मोकळी ओळ. सोबत आलेल्या माणसाचाही कागद काढायचा असा नियम मी स्वतःला घातलाय. प्रश्न छापलेत तसे, त्याच क्रमानं, एकही न गाळता विचारायचे हाही. तो मोडतो. गेल्या आठवड्यात ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आले होते, खोकल्यासाठी. पांढरा स्वच्छ सदरा, कसलं व्यसन नाही, गप्पा रंगल्या आणि कामाच्या रकान्यात मी न विचारता ‘शिक्षक’ लिहून मोकळा झालो. ते जिना उतरून गेल्यावर कंपाउंडर म्हणाला, “गुरुजींची पिठाची गिरणी आहे ना, रिटायर झाल्यापासून स्वतःच बसतात.” तिथल्या तिथं फोन लावला आणि फुंकायच्या तपासणीला बोलावलं. शनिवारी गिरणी बंद असते, तेव्हा येतो म्हणाले.